हजार मुलांचा एक मास्तर

थोरल्या विद्यार्थ्यांनी धाकट्यांना शिकवावे, ही साधी कल्पना घेऊन लंडनच्या गरीब वस्तीत शाळा काढणारा जोसेफ लँकेस्टर एकेकाळी राजवाड्यापासून बोलिव्हारच्या दरबारापर्यंत पोहोचला. त्याची पद्धत पुढे जगभर गेली, मुंबई इलाख्यातही आली. स्वतः लँकेस्टर मात्र परदेशात, विपन्नावस्थेत मरण पावला.

शाळेतला मॉनिटर म्हटले की आज फळ्यावर गडबड करणाऱ्यांची नावे लिहिणारा मुलगा डोळ्यांसमोर येतो. बाई वर्गात नसताना शांतता राखणे, वह्या गोळा करणे, खडू आणून देणे, एवढेच त्याचे काम. दोनशे वर्षांपूर्वी लंडनमधल्या एका शाळेत मात्र मॉनिटर म्हणजे शिकवणारा विद्यार्थी होता. त्याच्या हाताखाली दहाएक मुले असत, त्यांना अक्षरे गिरवून देणे, त्यांचे वाचन ऐकणे, गणिते तपासणे ही त्याची जबाबदारी असे. असे कित्येक मॉनिटर आणि त्यांच्यावर देखरेख करणारा एकच शिक्षक, एवढ्या बळावर एका दालनात हजाराच्या घरात मुले शिकत. ही व्यवस्था उभी करणाऱ्याचे नाव जोसेफ लँकेस्टर. सरकारी शाळा ही कल्पनाच इंग्लंडमध्ये रुजली नव्हती, अशा काळात त्याने गरिबांच्या मुलांसाठी शाळेचे दार उघडले. त्याचे आयुष्य म्हणजे एका चांगल्या कल्पनेची आणि ती न पेललेल्या माणसाची कहाणी आहे.

केंट स्ट्रीटवरचे बालपण

लँकेस्टरचा जन्म २५ नोव्हेंबर १७७८ रोजी लंडनच्या सदर्क भागात, केंट स्ट्रीटवर झाला. थेम्स नदीच्या दक्षिणेकडचा हा भाग त्या काळी कष्टकऱ्यांचा आणि कफल्लकांचा म्हणून ओळखला जाई. जवळच चामडे कमावण्याचे कारखाने होते, कर्जबाजाऱ्यांना डांबून ठेवणारे तुरुंग होते. केंट स्ट्रीट तर दारिद्र्यासाठी इतकी बदनाम झाली होती की पुढे तिचे नावच बदलण्यात आले. जोसेफचे वडील ब्रिटिश सैन्यातील निवृत्त शिपाई. तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला जोड म्हणून ते चाळण्या बनवून विकत.

घरात धर्माचे वातावरण होते आणि मुलगा लहानपणापासून भाविक होता. वयाच्या चौदाव्या वर्षी गुलामांच्या व्यापाराविरुद्धचे एक पुस्तक त्याच्या वाचनात आले, जमैकातील काळ्या गुलामांना बायबल वाचायला शिकवायचे असे त्याच्या मनाने घेतले आणि तो घरातून पळून गेला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. जमैका राहिले दूर, खिशातले पैसे संपल्यावर त्याला आरमारात भरती व्हावे लागले. एका धर्मोपदेशकाने खटपट करून त्याची सुटका केली आणि तो घरी परतला. पुढच्या आयुष्यात वारंवार दिसणाऱ्या दोन गोष्टी या प्रसंगातच दिसतात. दुसऱ्यांच्या मुलांसाठी झोकून देण्याची वृत्ती त्याच्यात होती आणि खर्चाचा हिशेब मांडण्याची सवय मात्र अजिबात नव्हती.

त्यानंतर तो क्वेकर पंथात सामील झाला. साधेपणा, शांतता आणि सर्व माणसांची समानता मानणारा हा पंथ इंग्लंडमधील गुलामगिरीविरोधी चळवळीत आघाडीवर होता. लँकेस्टरला लाभलेले अनेक मदतगार याच पंथातले होते.

मुले वाढली, मास्तर एकच

१७९८ मध्ये, वयाची वीस वर्षेही पुरती झालेली नसताना, त्याने वडिलांच्या घरातच वस्तीतील मुलांना शिकवायला सुरुवात केली. गरीब वस्त्यांत त्या वेळी शाळा अगदीच नव्हत्या असे नाही. एखादी म्हातारी बाई किंवा अपंग झालेला कारागीर चार पैसे घेऊन घरात मुले बसवून घेई. पण तिथे शिकवण्यापेक्षा सांभाळण्यावरच भर असे. लँकेस्टरने फी इतरांपेक्षा कमी ठेवली आणि ज्यांना ती परवडत नसे त्यांना फुकट शिकवले. साहजिकच मुलांची रीघ लागली. टंचाईच्या हिवाळ्यात त्याने देणग्या गोळा करून मुलांना जेवू घातले, सुट्टीच्या दिवशी तो त्यांना फिरायला नेई. वस्तीतील मुलांसाठी तो मास्तर होता, तसाच थोरला भाऊही होता.

१८०१ मध्ये शाळा बरो रोडवरील मोठ्या जागेत गेली. ज्यांना मुले पाठवायची असतील त्यांनी खुशाल पाठवावीत, शिक्षण फुकट मिळेल आणि ज्यांना फुकट नको असेल त्यांनी इच्छेनुसार पैसे द्यावेत, अशा आशयाची पाटी त्याने दारावर लावली. मुलांची संख्या शेकड्यांत गेली तसा प्रश्न उभा राहिला. सहायक शिक्षक नेमायला पैसा नव्हता आणि एकट्याने इतक्या मुलांना शिकवणे अशक्य होते.

यावर त्याने काढलेला मार्ग म्हणजे मॉनिटर. ज्या मुलाला अक्षरे येऊ लागली त्याने न येणाऱ्याला अक्षरे दाखवायची. ज्याला बेरीज येते त्याने बेरीज शिकवायची. कालचा शिष्य आजचा गुरू झाला आणि गुरू होण्यासाठी त्याला फार विद्वान असण्याची गरज उरली नाही. पुढच्यापेक्षा एक पायरी वर असला की पुरे होते.

वाळूची पाटी आणि भिंतीवरचे पान

ही व्यवस्था चालायची कशी, हे पाहण्यासारखे आहे. वाचनासाठी मुलांचे आठ वर्ग केलेले असत. पहिल्या वर्गात केवळ मुळाक्षरे, पुढे दोन अक्षरी शब्द, मग तीन अक्षरी, अशी चढण होती. वर्ग वयावरून ठरत नसे, येण्यावरून ठरे. वाचनात मागे असलेला मुलगा गणितात पुढच्या वर्गात बसू शके. त्या काळच्या शाळांत ही गोष्ट अपूर्व होती. मुलगा तयार झाला की लगेच त्याला वर चढवले जाई, वर्ष संपण्याची वाट पाहिली जात नसे.

सर्वांत लहान मुलांसमोर कठडे असलेले लांब मेज असे आणि त्यावर कोरडी वाळू पसरलेली असे. मॉनिटरने दाखवलेले अक्षर मुलांनी बोटाने वाळूत काढायचे, मग एका फळीने वाळू सारखी करायची आणि पुन्हा काढायचे. त्यापुढच्या मुलांना पाट्या मिळत. कागद, शाई आणि टाक यांचा खर्च त्यामुळे वाचला. पुस्तके महाग होती, तर लँकेस्टरने एका पुस्तकाची पाने सुटी करून मोठ्या अक्षरांत छापली आणि पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला टांगली. दहा मुले अर्धवर्तुळात उभी राहून एकच पान वाचत. प्रत्येकाला पुस्तक द्यायचे म्हटले असते, तर जो खर्च आला असता त्याच्या अगदी लहानशा हिश्शात शेकडो मुलांचे वाचन भागू लागले.

मॉनिटरांतही हुद्दे होते. शिकवणारे वेगळे, हजेरी घेणारे वेगळे, पाट्या सांभाळणारे वेगळे. चांगले काम करणाऱ्याला तिकिटे मिळत, ती साठवून खेळणी किंवा पुस्तके घेता येत. छातीवर बिल्ला लावून मिरवणे हा तर वस्तीतील मुलांच्या दृष्टीने मोठा मान होता. ज्यांच्या वाट्याला घरी-दारी शिव्या आणि मार याखेरीज काही येत नसे, अशा मुलांवर कुणी तरी जबाबदारी टाकत होते. या पद्धतीचे खरे बळ इथे होते.

१८०३ मध्ये लँकेस्टरने आपल्या प्रयोगाची माहिती देणारे पुस्तक प्रसिद्ध केले आणि त्याच्या शाळेकडे लोकांचे लक्ष गेले. सरदार-उमराव, परदेशी पाहुणे, समाजसुधारक बरो रोडची शाळा पाहायला येऊ लागले. ड्यूक ऑफ बेडफर्ड यांच्यासारख्यांनी आर्थिक मदत केली. १८०५ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याने वेमथ येथे लँकेस्टरची भेट घेतली आणि शंभर पौंडांची देणगी दिली. आपल्या राज्यातील प्रत्येक गरीब मुलाला बायबल वाचता यावे, अशी इच्छा राजाने त्या वेळी व्यक्त केल्याचे प्रसिद्ध आहे. चाळण्या विकणाऱ्याचा मुलगा सव्विसाव्या वर्षी राजाश्रयाचा धनी झाला होता.

मद्रासमधून आलेले बीज

मात्र ही कल्पना एकट्या लँकेस्टरची होती काय, हा वाद लवकरच पेटला. या वादाचे मूळ भारतात आहे.

अँड्र्यू बेल हा स्कॉटिश धर्मोपदेशक १७८७ मध्ये मद्रासला आला. दोन वर्षांनी एग्मोर येथील अनाथाश्रमाची देखरेख त्याच्याकडे आली. युरोपीय शिपायांची निराधार मुले तिथे ठेवली जात. नेमलेले शिक्षक कामचुकार होते आणि मुले शिकत नव्हती. एके दिवशी फेरफटका मारताना बेलला एक स्थानिक शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून बोटांनी वाळूत अक्षरे काढत होती. बेलने तोच प्रकार आपल्या आश्रमात करायचे ठरवले. शिक्षकांनी तो मनावर घेतला नाही, तेव्हा त्याने आठ वर्षांच्या जॉन फ्रिस्केन या मुलावर बाराखडीचा वर्ग सोपवला. फ्रिस्केन एका साध्या शिपायाचा मुलगा होता. मोठ्या शिक्षकांना जे जमले नव्हते ते त्याने करून दाखवले. मग एकेक वर्ग विद्यार्थ्यांच्याच हाती गेला. इंग्लंडला परतल्यावर, १७९७ मध्ये बेलने या प्रयोगाचा अहवाल छापला.

बेलने जे पाहिले ते या देशात नवे नव्हते. पिएत्रो देल्ला व्हाल्ले या इटालियन प्रवाशाने त्याआधी पावणेदोनशे वर्षे, १६२३ मध्ये, इक्केरीच्या प्रवासात घाटमाथ्यावर अशीच मुले पाहिली होती. कुणी शिक्षक समोर नसताना ती एका सुरात म्हणत, जमिनीवरच्या बारीक वाळूत आकडे काढत एकमेकांकडून अंकगणित शिकत होती. महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळांतही धूळपाटीवरच श्रीगणेशा होई, हे सर्वश्रुत आहे.

लँकेस्टरने बेलचा अहवाल वाचला होता आणि आपल्या पुस्तकात त्याचे ऋण मान्यही केले होते. स्वॉनेजला जाऊन तो बेलला भेटलाही. सुरुवातीला दोघांचे संबंध सलोख्याचे होते. पण लँकेस्टरची कीर्ती वाढली तशी तीत धर्माची फूट पडली.

चर्चचा विरोध

लँकेस्टरच्या शाळेत बायबल वाचले जाई, परंतु कोणत्याही एका पंथाची शिकवण दिली जात नसे. वस्तीतील मुले सर्व पंथांची होती, त्यामुळे त्याला तेच योग्य वाटले. इंग्लंडच्या अधिकृत चर्चला हे मानवणारे नव्हते. गरिबांची एक आख्खी पिढी चर्चच्या हाताबाहेर जाईल, ही भीती मोठी होती. लेखिका सारा ट्रिमर यांनी १८०५ मध्ये लँकेस्टरवर टीकेची झोड उठवली. गरीब मुलांना बिल्ले आणि मानाच्या पदव्या देऊन त्यांच्या डोक्यात नसत्या महत्त्वाकांक्षा भरल्या जातील, असाही त्यांचा आक्षेप होता. चर्चला आपल्या बाजूचा माणूस हवा होता आणि तो बेलच्या रूपाने मिळाला. १८११ मध्ये बेलच्या पद्धतीने शाळा चालवण्यासाठी चर्चच्या पुढाकाराने ‘नॅशनल सोसायटी’ स्थापन झाली.

दोघांत आणखी एक फरक होता. गरिबांच्या मुलांनी वाचावे, पण सर्वांनाच लिहिणे आणि हिशेब शिकवण्याची आवश्यकता नाही, अशी भूमिका बेलने मांडली होती. प्रत्येकाने आपापल्या पायरीवर राहावे, हा त्यामागचा विचार. लँकेस्टर मात्र वाचन, लेखन आणि गणित तिन्ही शिकवी. सदर्कमधील कारागिराच्या मुलाला पुढे रोजीरोटीसाठी हिशेब लागणार, हे त्याला स्वानुभवाने ठाऊक होते.

या स्पर्धेचा एक फायदा झाला. दोन्ही बाजू चढाओढीने शाळा काढू लागल्या. लँकेस्टरने स्वतः देशभर दौरे केले. एकट्या १८१० या वर्षात त्याने ३,७७५ मैलांचा प्रवास केला, ६७ व्याख्याने दिली आणि त्यातून ५० नव्या शाळा निघाल्याची नोंद आहे. ना आगगाडी, ना तारयंत्र, अशा काळात घोडागाडीने केलेला हा प्रवास होता. त्याने तयार केलेले मॉनिटर विशी गाठण्याआधीच दुसऱ्या गावांत जाऊन शाळा चालवू लागले.

कर्ज आणि कलह

शाळा वाढत होत्या, तसे कर्जही वाढत होते. इमारत, छपाई, जवळ ठेवलेल्या होतकरू मुलांचा खर्च, शिवाय स्वतःचा ऐसपैस हात. पैसा आला की तो खर्च होई आणि येण्याआधीही होई. १८०७ मध्ये कर्जापायी त्याला अटक झाली. ज्या तुरुंगांच्या छायेत तो वाढला, त्यांचीच पायरी चढण्याची वेळ त्याच्यावर आली.

विल्यम कॉर्स्टन हा टोप्यांचा व्यापारी आणि जोसेफ फॉक्स हा दंतवैद्य त्याच्या मदतीला धावले. १८०८ मध्ये दोघांनी त्याच्या कर्जाची जबाबदारी घेतली आणि शाळांसाठी संस्था उभी केली. क्वेकर पंथाचे औषध व्यावसायिक विल्यम ॲलन पुढे तिचे खजिनदार झाले. हिशेब रीतसर होऊ लागले. परंतु लँकेस्टरला हिशेब मागितलेला खपत नसे. आपण उभ्या केलेल्या कामावर समितीने देखरेख करावी, हा त्याला अपमान वाटे. समितीला न विचारता त्याने टूटिंग येथे खासगी शाळा काढली आणि तीही बुडाली.

याहून गंभीर आरोपही पुढे आले. लँकेस्टर छडीच्या विरोधात होता आणि ही त्याची ख्याती होती. प्रत्यक्षात तो आपल्याजवळ राहणाऱ्या काही शिकाऊ मुलांना खासगीत मारतो, असे समितीच्या कानावर आले. समितीवरील फ्रान्सिस प्लेस या सुधारकाने या प्रकरणाची माहिती लिहून ठेवली आहे. १८१४ मध्ये संस्थेचे नाव ‘ब्रिटिश अँड फॉरेन स्कूल सोसायटी’ असे झाले. त्यातून लँकेस्टरचे नाव गेले आणि पाठोपाठ तोही बाहेर पडला. क्वेकर पंथानेही कर्जबाजारीपणामुळे त्याला दूर केले.

त्याच्या शाळेतील शिक्षांचा विषयही इथे टाळता येत नाही. छडी नव्हती, पण लाज होती. चुकार मुलाच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवत, पायात बेड्या घालत, टोपलीत बसवून छताला टांगत आणि बाकीच्या मुलांना हसायला लावत. अशा विटंबनेपेक्षा छडी बरी, अशी टीका कवी रॉबर्ट सौदी याने केली होती. ज्या मुलांना मान देऊन ही शाळा उभी राहिली, त्यांचाच मान तिथे हिरावला जात होता.

बोलिव्हारच्या गावात

१८१८ मध्ये लँकेस्टर कुटुंबासह अमेरिकेला गेला. तिथे त्याचे नाव आधीच पोहोचले होते. न्यूयॉर्कमध्ये डी विट क्लिंटन यांच्या पुढाकाराने १८०६ पासून गरिबांच्या मुलांसाठी याच पद्धतीची शाळा चालू होती. वॉशिंग्टनमध्ये प्रतिनिधिगृहाने त्याला सभागृहात आसन देऊन सन्मान केला. फिलाडेल्फिया आणि बाल्टिमोर येथे त्याने शाळा चालवून पाहिल्या. मात्र कुठेच तो स्थिरावला नाही.

दक्षिण अमेरिकेत स्वातंत्र्यलढा जिंकलेल्या सिमॉन बोलिव्हारची आणि त्याची ओळख जुनी होती. १८१० मध्ये बोलिव्हार लंडनला आला असताना दोघे भेटले होते. नव्या प्रजासत्ताकांना झटपट आणि स्वस्तात साक्षर व्हायचे होते, त्यासाठी याहून सोयीची पद्धत नव्हती. लँकेस्टर काराकासला गेला. बोलिव्हारने शाळेसाठी २० हजार पेसोंची हमी दिली. १८२७ मध्ये लँकेस्टरचा दुसरा विवाह काराकासमध्ये झाला, तेव्हा बोलिव्हार स्वतः हजर होता. पण हमीची हुंडी लंडनमध्ये वटली नाही. स्थानिक अधिकाऱ्यांशी लँकेस्टरचे खटके उडाले आणि त्याच वर्षी त्याला काराकास सोडावे लागले.

त्यानंतर कॅनडातील माँट्रियल येथे शाळा, तीही अल्पजीवी. इंग्लंडमधील जुन्या मित्रांनी वर्गणी काढून त्याला लहानसे वर्षासन मिळवून दिले. शेवटी तो न्यूयॉर्कला आला. ऑक्टोबर १८३८ मध्ये रस्त्यात घोडागाडीखाली सापडून तो जबर जखमी झाला आणि त्यातच मरण पावला. वयाची साठ वर्षे पुरी व्हायला महिनाभर बाकी होता. त्याआधी सहा वर्षे, १८३२ मध्ये, अँड्र्यू बेल वारला होता. लाखाहून अधिक पौंडांची संपत्ती शिक्षणासाठी ठेवून गेलेल्या बेलला लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत जागा मिळाली. सदर्कचा मास्तर मायदेशापासून दूर, परक्या शहरात गेला.

धूळपाटी परत आली

लँकेस्टरची पद्धत तोवर त्याला मागे टाकून फार पुढे गेली होती. डेन्मार्क, फ्रान्स, रशिया, ग्रीस येथे तशा शाळा निघाल्या. मेक्सिकोमध्ये १८२२ मध्ये ‘लँकेस्टर कंपनी’ स्थापन झाली आणि १८४२ मध्ये सरकारने देशाच्या प्राथमिक शिक्षणाची सूत्रे तिच्याकडे सोपवली.

मुंबईतही ती आली. पेशवाईच्या अस्तानंतर गव्हर्नर झालेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांच्या आश्रयाखाली १८२२ मध्ये एतद्देशीयांच्या शिक्षणासाठी पुस्तके आणि शाळा तयार करणारी संस्था स्थापन झाली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस आणि ‘बाळमित्र’कार सदाशिव काशीनाथ छत्रे हे तिचे चिटणीस होते. देशी शाळांत पुस्तके नाहीत, सोपी पद्धत नाही, तयार शिक्षक नाहीत आणि पैसा नाही, अशा चार उणिवा संस्थेला दिसल्या. यांतील पद्धतीची उणीव भरून काढण्यासाठी तिने लँकेस्टरची पद्धत स्वीकारली. मुंबईत शिक्षकांना तिचे शिक्षण देऊन जिल्ह्यांत धाडण्यात आले. मद्रासच्या वाळूतली कल्पना लंडनला गेली, तिथे यंत्रासारखी बांधली गेली आणि इंग्रजी नाव घेऊन पंतोजींच्या मुलखात परतली.

काय टिकले, काय गेले

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या पद्धतीचा बहर ओसरला आणि त्याला सबळ कारणे होती. मॉनिटर स्वतः लहान होते. त्यांना जेवढे येई तेवढेच ते देऊ शकत, मुलाने प्रश्न विचारला तर गाडी अडे. गणिताच्या पत्रकावर उत्तर आधीच छापलेले असे, त्यामुळे ज्याला गणित समजलेले नाही तोही ते शिकवू शके, हे लँकेस्टरला भूषण वाटे. टीकाकारांना तोच दोष वाटला. घोकंपट्टी वाढली. मॉनिटरला लाच देऊन वरचा क्रमांक मिळवण्याचे प्रकार घडू लागले. शिवाय दुसऱ्यांना शिकवण्यात थोरल्या मुलांचा स्वतःचा अभ्यास मागे पडे.

पण सर्वांत मोठा दोष पद्धतीपेक्षा तिच्या चाहत्यांत होता. एका शिक्षकात हजार मुले, हा आकडा राज्यकर्त्यांना आणि दानशूरांना भुरळ घालणारा होता. शिक्षक नेमण्याऐवजी मुलांकडूनच काम करून घेता येते, असा त्याचा अर्थ लावला गेला. श्रीमंतांची मुले शिक्षकांकडे शिकत आणि गरिबांची मुले मॉनिटरांकडे. १८४६ मध्ये इंग्लंडमध्ये तेराव्या वर्षापासून पाच वर्षे उमेदवारी करून शिक्षक घडवण्याची सरकारी योजना आली आणि १८७० च्या कायद्याने सरकारी प्राथमिक शाळांचा पाया घातला. त्यानंतर लँकेस्टरचे नाव इतिहासाच्या पुस्तकांपुरते उरले. त्याच्या बरो रोडच्या शाळेतून मात्र ब्रिटनमधील पहिल्या अध्यापक विद्यालयांपैकी एक उभे राहिले, त्याची परंपरा आज लंडनच्या ब्रुनेल विद्यापीठात विलीन झाली आहे. हिचिन या गावी १८३७ मध्ये तीनशे मुलांसाठी बांधलेले लँकेस्टर पद्धतीचे दालन अजून उभे असून तिथे संग्रहालय आहे.

कल्पनेचा गाभाही टिकला आहे. भारतात १९६९ मध्ये राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाल्यापासून महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी वस्त्यांतील मुलांचे अभ्यासवर्ग घेणे ही परिचयाची गोष्ट झाली. अनेक देशांत माध्यमिक शाळांतील मुले शाळा सुटल्यावर गरीब वस्त्यांत धाकट्यांना वाचन आणि गणित शिकवतात. १९८२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी अशा उपक्रमांच्या ६५ मूल्यमापनांचा एकत्रित आढावा घेतला. शिकणाऱ्या मुलांची प्रगती झालीच, पण शिकवणाऱ्यांनाही तो विषय अधिक चांगला समजला, असा त्याचा निष्कर्ष होता. बरो रोडवरच्या मॉनिटरांच्या बाबतीत लँकेस्टर नेमके हेच सांगत असे.

फरक एवढाच की आजचे उपक्रम शाळेला पूरक म्हणून चालतात, शाळेची जागा घेण्यासाठी नव्हे. लँकेस्टरच्या काळात त्या मुलांना दुसरी शाळाच नव्हती, म्हणून त्याच्या पदरात हे माप टाकताना थोडे सैल धरावे लागते. थोरल्या मुलाने धाकट्याला शिकवले तर दोघांचे भले होते, हे त्याने सदर्कच्या गल्लीत सिद्ध केले. मात्र त्या थोरल्या मुलामागे चांगला शिक्षक उभा असला पाहिजे आणि त्या शिक्षकाला पगार मिळाला पाहिजे. त्याच्या चाहत्यांनी काटकसरीच्या नादात सोडून दिलेली ही बाजू आजही वस्तीतील अभ्यासवर्ग सुरू करणाऱ्या प्रत्येकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.